रिकाम्या बाकांची वाणी

ग्लासगोच्या पूर्व भागातील दरिद्री आयरिश कॅथलिक मुलांच्या मुखी घास पडावा, म्हणून मॅरिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांनी १८८७ साली सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिक फुटबॉल क्लबची मुहूर्तमेढ रोवली. पुढे १९६७ साली याच क्लबने लिस्बन येथे युरोपियन चषक जिंकला.

परंतु कारभार मोजक्या घराण्यांच्या हाती राहिला, कर्ज वाढले, यश दुरावले. प्रेक्षक रोडावले; उरलेले संचालकांविरुद्ध घोषणा देऊ लागले. मार्च १९९४ मध्ये किलमारनॉकविरुद्धच्या सामन्यावर चाहत्यांनी बहिष्कारच पुकारला. ते वैरी नव्हते. घर वाचावे म्हणून उंबऱ्याबाहेर थांबले होते. त्याच आठवड्यात, दिवाळे दाराशी आले असता, फर्गस मॅकॅन यांनी सूत्रे हाती घेतली. भागविक्री निघताच सामान्य चाहत्यांनी आपली पुंजी ओतली आणि १९९८ पर्यंत ६० हजार आसनांचे क्रीडांगण उभे राहिले.

मंदिरातील बाक रिकामे दिसले की आम्ही धर्मगुरू भाविकांच्या श्रद्धेला बोल लावतो. हा इतिहास मात्र आम्हांलाच विचारतो: जे आले नाहीत, त्यांच्या दाराशी आपण कधी गेलो का?