मुंबई ते लंडन : मैल आणि तास

मुंबईपासून लंडन किती दूर आहे, या प्रश्नाला भूगोल एकच उत्तर देतो. इतिहास मात्र अनेक देतो. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरिला, तर अंतर सुमारें ४,५०० मैल भरतें. हें अंतर कधीं बदललें नाहीं; बदलला तो काळ. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला होण्यापूर्वीं जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागे व प्रवासांत महिने मोडत. कालवा झाल्यावर पुढें आगबोटींना दोन-तीन आठवडे पुरूं लागले.

दि. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ नांवाचें कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालें. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यांत होते. हें विमान दोऱ्याच्या रेषेनें गेलें नाहीं. एवढी मजल एका दमांत मारण्याइतकें इंधन त्याच्या टाक्यांत मावत नव्हतें. म्हणून सुमारें २,७०० मैलांवरील कैरो हा पहिला मुक्काम ठरला व जिनिव्हा हा दुसरा. या वळणामुळें वाट जवळजवळ ५,००० मैलांची झाली. विमानाचा वेग ताशीं सुमारें ३०० मैल; तेव्हां त्रैराशिकानें उत्तर येतें सोळा-सतरा तास. परंतु त्रैराशिकांत मुक्काम धरलेले नसतात, आणि वाराही नसतो. उंचावरील वारे तिकडे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळें जातांना ते विमानाला अडवितात व येतांना ढकलतात. सर्व मिळून प्रवासाला साधारण एक अहोरात्र लागे. १९६० सालीं बोइंग ७०७ जातीचीं जेट विमानें आलीं व हा काळ आणखी घटला. आज मध्यें कोठेंही न उतरतां मुंबईहून लंडनला नऊ-दहा तासांत जातां येतें.

या वांचविलेल्या तासांची किंमतही इतिहासानें नोंदविली आहे. दि. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं तेंच ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोहून जिनिव्हाकडे जात असतांना आल्प्स पर्वतांतील माँ ब्लाँ शिखराजवळ आदळलें. विमानांतील ४८ जणांपैकीं एकही वांचला नाहीं. प्रवासी बहुतेक हिंदी खलाशी होते. ज्यांचा सारा जन्म समुद्रावर आठवडे मोजण्यांत जावयाचा, ते इंग्लंडांत बोटीवर रुजू होण्यासाठीं विमानानें निघाले होते.

विमानाचे अवशेष बर्फांत गाडले गेले. अडीच हजार कोसांचा पल्ला एका दिवसांत गाठूं पाहणाऱ्या या विमानाचे तुकडे बॉसाँ हिमनदीनें कांहीं मैलांच्या उतारावरून खालीं आणावयास अनेक दशकें घेतलीं. विमानाच्या वेळापत्रकांत तासांचा आंकडा तेवढा छापलेला असतो. तो एवढा लहान करण्यासाठीं काय खर्ची पडलें, हें त्या हिमनदीनें सांभाळून ठेविलें.