रिकाम्या कुटीचा अन्वयार्थ

चौदाव्या शतकातील चिनी चित्रकार नी झान याचे ‘रोंगशी कुटी’ (१३७२) हे शाईचित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. खाली खडकाळ काठ, विरळ पानांची झाडे, रिकामी कुटी. वर सखल टेकड्या. मध्ये पाणी, म्हणजे कोराच ठेवलेला कागद. मनुष्याकृती कोठेही नाही.

या औदासीन्याचा उलगडा बहुधा चरित्राच्या आधारे केला जातो: युआन राजवटीच्या अखेरच्या अराजकात नी झानने घरदार सोडले आणि ताई सरोवराच्या परिसरात भटकंती केली. परंतु हाच रचनाबंध त्याने अनेक चित्रांत योजला आहे; त्यास एका विशिष्ट मनःस्थितीची नोंद मानता येत नाही.

शिवाय १३७४ मध्ये, चित्र ज्याच्याकडे होते त्याच्या विनंतीवरून, नी झानने त्यावर नवा लेख लिहिला. त्यायोगे ते एका वैद्यासाठी भेट ठरले. ‘रोंगशी’, म्हणजे जेमतेम गुडघे मावतील एवढी जागा, हे त्या वैद्याच्या निवासाचे नाव. गावी परतावे, तेथे हे चित्र उलगडावे आणि वैद्याच्या दीर्घायुष्यासाठी मद्याचा प्याला उचलावा, अशी इच्छा लेखात आहे. चित्रातील एकही रेषा न बदलता निर्जन कुटी स्नेह्याचे घर होते, आणि पाण्याचा कोरा पट्टा परतीच्या वाटेवरील अंतर. येथे भाववृत्ती रचना आणि अक्षरे यांच्या परस्परसंबंधातून घडते. लेख वगळून केलेला आस्वाद म्हणूनच अर्धा राहतो.