वर्धा ते मोर्णा : अमरावती-अकोल्याचा नागरी पट्टा

नागपूरहून मुंबईकडे निघालेली रेल्वेगाडी पुलगाव सोडून वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि धामणगावच्या दिशेने वऱ्हाडात प्रवेश करते. आज या नदीवर केवळ जिल्ह्याची आणि महसूल विभागाची हद्द आहे. एकेकाळी मात्र ती राज्याची सीमा होती. १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील मुलुखावर पाणी सोडावे लागले आणि तो निजामाकडे गेला. त्याआधी वऱ्हाडचा महसूल भोसले आणि निजाम दोघेही वसूल करीत असत. दुहेरी अंमल म्हणतात तो हाच, आणि रयतेला तो किती जड गेला असेल याची कल्पना करता येते.

पुढे १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १९०२ मध्ये दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडण्यात आला. सीमा पुसली गेली, तरी नदीच्या दोन्ही तीरांवरचा कारभार वेगळाच राहिला. पूर्वेचा वर्धा जिल्हा नागपूर विभागात आहे, तर पश्चिमेला अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ यांचा अमरावती विभाग.

या विभागातील दोन मोठी शहरे एकमेकांपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार, तर अकोल्याची सुमारे ४ लाख २६ हजार होती. दोन्ही शहरे मुळात एकेक नाहीत. अमरावती महापालिका १५ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झाली ती अमरावती आणि बडनेरा या दोन नगरपालिका एकत्र करून. रेल्वेचा मुख्य मार्ग बडनेऱ्याहून गेला आणि कापसाची मोठी पेठ असलेल्या अमरावतीला एका छोट्या फाट्यावर समाधान मानावे लागले. त्यामुळे बडनेरा जंक्शनचे महत्त्व आजही कायम आहे.

अकोल्याचे दोन भाग मोर्णा नदीने केले आहेत. पश्चिम काठावर असदगड किल्ल्यासह जुने शहर, तर पूर्व काठावर ताजनापेठ आणि इंग्रजी अमदानीत वसलेली सरकारी कचेऱ्यांची वस्ती. महापालिका १ ऑक्टोबर २००१ रोजी अस्तित्वात आली; २०१६ मधील हद्दवाढीने मलकापूर, उमरी, खडकी, शिवणी यांसारखी लगतची गावेही शहरात आली. नदीची अवस्था मात्र शोचनीय होती. जलकुंभी आणि सांडपाण्याने भरलेल्या मोर्णेच्या स्वच्छतेसाठी जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिक पात्रात उतरले आणि पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून या मोहिमेची दखल घेतली. सांडपाणी नदीत येणे बंद होत नाही तोवर अशा मोहिमेचे यश टिकत नाही, ही गोष्ट वेगळी.

उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूर-परतवाडा हे तिसरे जोडशहर आहे. एक वऱ्हाडची जुनी राजधानी, दुसरे लष्करी छावणीतून वाढलेले. नगरपालिका मात्र एकच.

या साऱ्या पट्ट्याचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने विहीर किंवा कूपनलिका खोदून तहान भागत नाही. धरणाशिवाय पर्याय नाही. अमरावतीची भिस्त मोर्शीजवळ सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणावर आहे. म्हणजे ज्या नदीने वऱ्हाडची पूर्व सीमा आखली, तीच आज त्याच्या सर्वांत मोठ्या शहराला पाणी पाजते. नांदगाव पेठ येथील १,३५० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पालाही याच धरणाचे पाणी दिले जाते. सिंचनाचे पाणी उद्योगाकडे वळविण्यावरून जिल्ह्यात आंदोलने झाली. धरणग्रस्तांची गाऱ्हाणीही संपलेली नाहीत. मोबदल्याच्या मागणीसाठी त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये थेट मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या.

अकोल्याला महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते. पाऊस कमी झाला की टंचाई ठरलेली. वान प्रकल्पातील पाणी शहरासाठी राखून ठेवण्याच्या निर्णयाला तेल्हारा-अकोट भागातील शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. शहराची तहान आणि शेताची तहान एकाच जलाशयावर येऊन आदळते, तेव्हा महापालिकेची हद्द किती वाढली याला अर्थ उरत नाही.

दळणवळणात अलीकडे बदल झाला आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम करण्यात आला. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीचा विस्तार मात्र वर्षानुवर्षे चर्चेतच राहिला. समृद्धी महामार्गही अकोला शहराला दुरूनच वळसा घालून गेला.

अमरावतीला विद्यापीठ आणि विभागीय आयुक्तालय मिळाले, अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ. नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी बसविली. तो समारंभ नदीपलीकडे, वर्धा शहरात झाला.