एक्यूआय ॲपमध्ये डीडीटी का दिसत नाही?

'समीर' ॲप उघडलं की शहराचा एक्यूआय लगेच समोर येतो. देशाच्या एक्यूआयमध्ये पीएम २.५, ओझोन, शिसं असे एकूण ८ घटक धरलेत. डीडीटी, लिंडेन, पीसीबी यांचा त्यात पत्ताच नाही. त्यांच्यासाठी वेगळं ॲप आहे का? नाही, आणि इतक्यात येईल असं मला वाटत नाही.

ही सगळी क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनं. (सेंद्रिय म्हणजे इथे कार्बनची, सेंद्रिय भाजीशी संबंध नाही!) ती वर्षानुवर्षं टिकतात, प्राण्यांच्या चरबीत साठतात आणि अन्नसाखळीत वर जाताना वाढत जातात. म्हणून हवेतलं त्यांचं किरकोळ प्रमाणही सोडून चालत नाही. ते मोजतात घनमीटरमागे पिकोग्रॅममध्ये. १ पिकोग्रॅम म्हणजे १ ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. स्वस्त सेन्सर धुळीवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. त्याला हे कुठून दिसणार?

म्हणून आधी हवा गाळून माल गोळा करायचा आणि मग मोजायचा. एका पद्धतीत पंप २४ तासांत शेकडो घनमीटर हवा ओढतो. धुळीला चिकटलेला भाग काचतंतूंच्या फिल्टरवर अडकतो, वाफेतला भाग मागच्या फोममध्ये किंवा रेझिनमध्ये. पण याला वीज लागते, देखभाल लागते.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. स्टीलच्या दोन वाडग्यांमध्ये पॉलियुरेथेन फोमची चकती टांगायची, बस्स! गादीत असतो तसलाच हा फोम. पंप नाही, बॅटरी नाही. चकती दिवसाला साधारण ४ घनमीटर हवेतली रसायनं शोषते, म्हणजे ३ महिन्यांत सुमारे ३६०. हा वेग वाऱ्यानुसार बदलतो, म्हणून चकतीत आधीच ठरावीक रसायनं टाकून ठेवतात. ती किती उडाली यावरून खरा वेग काढतात. तोटा असा, की हाती येते ती ३ महिन्यांची सरासरी. अमुक दिवशी कोणी काय जाळलं ते त्यातून कळत नाही.

पुढे प्रयोगशाळेत द्रावकाने रसायनं बाहेर काढतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये एकेक वेगळं करतात. ओळखायला इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर किंवा मास स्पेक्ट्रोमीटर. यातला पहिला जेम्स लव्हलॉक यांनी १९५० च्या दशकात बनवला. क्लोरीनवाले रेणू इलेक्ट्रॉन पटकन पकडतात, एवढ्यावरच तो चालतो. सोबत एक कोरी चकतीही जागेवर नेऊन, हवा न लावता परत आणून तपासतात. तिच्यातच पीसीबी सापडलं तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

एवढ्या खटाटोपातून काय मिळतं? अमेरिका आणि कॅनडा १९९० पासून पंचमहासरोवरांच्या काठावर अशी हवा मोजताहेत. अमेरिकेत पीसीबीच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, तरी शिकागोच्या हवेत ते दूरच्या ठाण्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त भरतं. बंदी आली, पण जुनी उपकरणं आणि इमारती शहरातच राहिल्या.

आपल्याकडे शेतीत डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, मलेरियासारख्या रोगांच्या फवारणीला मुभा राहिली. मग हवेत सापडलेलं डीडीटी ताजं की जुनं? डीडीटी मोडून डीडीई बनतं. त्यामुळे नमुन्यात डीडीईच्या तुलनेत डीडीटी जास्त असेल, तर जवळपास नुकतीच फवारणी झाली असण्याची शक्यता मोठी.