क्षय नसलेला ‘क्षय’

पॉल एर्लिख यांनी १८७९ साली रक्ताच्या पातळ थरावर इओसिन हा तांबडा रंग वापरला, तेव्हा काही श्वेतपेशींतील कण ठळकपणे रंगून उठले. याच इओसिनोफिल पेशी. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणतः ५०० हून कमी असतात.

१९४० साली मदनपल्ले येथील क्षयरोग आरोग्यधामातील फ्रिमोट-मोलर आणि बार्टन या डॉक्टरांनी एक वेगळेच निरीक्षण प्रसिद्ध केले. खोकला, ताप, घटते वजन, क्ष-किरण चित्रात फुप्फुसभर बारीक ठिपके. सारे काही क्षयासारखे. रक्तात मात्र इओसिनोफिल भरमसाठ! म्हणजे क्षय नसलेली माणसेही क्षयरोगी ठरू शकत होती. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते. तेव्हा असे निदान कानी पडणे म्हणजे काय, याची आपण कल्पना करू शकतो.

१९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी या विकाराला ‘उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया’ हे नाव दिले. उपदंशावरचे आर्सेनिकयुक्त औषध टोचल्यावर रुग्णांचा रात्रीचा खोकला व धाप थांबे. गुण येत होता, पण रोगाचे कारण अज्ञातच होते.

१९४७ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतून हत्तीरोगाच्या कृमींवरचे डायइथाइलकार्बामाझिन हे औषध पुढे आले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. सिंगापूरच्या दनराज यांनी १९५८ मध्ये हेच औषध या विकारावर उपयोगी पडत असल्याचे मांडले. मग रोगाचे मूळ हत्तीरोगाच्या कृमीत असेल काय? पण या रुग्णांच्या रक्तात, रात्री तपासूनही, सूक्ष्मकृमी सापडत नसत.

हे कोडे १९६० साली वेल्लोरच्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी उलगडले. सूक्ष्मकृमी त्यांना सापडले, ते फुप्फुस, यकृत आणि लसिकाग्रंथींत. या रुग्णांची प्रतिकारयंत्रणा इतकी तीव्र असते, की सूक्ष्मकृमी रक्तात टिकतच नाहीत. ते अवयवांत अडकतात, आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या इओसिनोफिल पेशी फुप्फुसालाच इजा करतात.

आज निदानासाठी आपण रुग्णाचा राहण्याचा प्रदेश, ३,००० हून अधिक इओसिनोफिल, हत्तीरोग-कृमीविरोधी प्रतिपिंडे आणि औषधाने येणारा उतार हे सर्व एकत्र पाहतो. केवळ वाढलेला आकडा पुरेसा नाही. इतर कृमी, अ‍ॅलर्जी, एखादे औषध किंवा क्वचित रक्ताचा कर्करोग यांनीही तो वाढतो. उपचार सुमारे तीन आठवड्यांचा. मात्र उशीर झाला तर फुप्फुसात कायमचे व्रण राहू शकतात. म्हणून दीर्घ खोकल्याच्या रुग्णाची थुंकी तपासावीच, पण रक्तातील पेशीही मोजाव्यात.