बूट कुणाचे, जोडे कुणाचे

भडगावात पायातल्या वस्तूंची वाटणी सोपी आहे. मागून उघडी ती चप्पल, पट्ट्यांची ती सँडल, आणि पाऊल पूर्ण झाकणारं जे काही असेल ते बूट. नवरदेवाचे चकचकीत काळे ते बूट, कपाशीला पाणी भरताना चिखलात घालायचे ते गमबूट, आणि पोलीस भरतीसाठी पहाटे पाचोरा रस्त्यावर पळणाऱ्या पोरांच्या पायातले रबरी तळाचे, हलके, जाळीदार तेही बूटच. या शेवटच्या प्रकाराला इंग्रज 'ट्रेनर्स' म्हणतात, अमेरिकन 'स्निकर्स'. भडगावात तुम्ही 'नवे ट्रेनर घेतले' म्हणालात तर लोक विचारतील, कोणत्या जिमला?

नोकरीसाठी पुण्यात आल्यावर ऑफिसातल्या एका मित्राने मला सुधारलं. "बूट नाही रे, शूज. बूट म्हणजे घोट्याच्या वर जातो तो." इंग्रजीपुरतं त्याचं बरोबर आहे. पण मराठीने हा शब्द चुकून घेतलेला नाही, आणि त्यात घोट्याच्या उंचीपेक्षा बरंच काही भरलेलं आहे.

आधी काळ बघू. हा शब्द आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात रुळला, तेव्हा इंग्रज पुरुष रोजच्या वापरात खरोखरच घोट्यापर्यंतचे बूटच घालायचे. साहेब बूट, शिपाई बूट. बुटके शूज रस्त्यावर सर्रास दिसू लागले ते पहिल्या महायुद्धानंतर. तोवर आपल्या तोंडी 'बूट' पक्का बसला होता. नंतर उंची कमी झाली, चामडं जाऊन कापड आलं, शब्द तोच राहिला.

पण आपल्याकडे शब्दांचा तुटवडा थोडाच होता? वहाण, जोडा, पायताण, खेटर असे कितीतरी होते. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात हे जुने शब्द आहेतच. मग साहेबाच्या पायातल्या वस्तूला 'साहेबाचा जोडा' म्हणून का भागलं नाही? मला वाटतं, कारण त्या दोन वस्तूंची सरकारदरबारी किंमतच वेगळी होती.

हे अलंकारिक बोलणं नाही. आपल्या रिवाजात मोठ्या माणसासमोर, घरात, देवळात जोडे काढून जायचं. इंग्रजांच्या रिवाजात टोपी काढायची, बूट पायातच. कंपनी सरकारने सोयीने निवड केली: एतद्देशीयांनी साहेबासमोर, कचेरीत, दरबारात जोडे बाहेर काढावेत. मग इंग्रजी शिकलेले, इंग्रजी पोशाख करणारे लोक वाढले. तेव्हा १८५४ मध्ये, डलहौसी गव्हर्नर-जनरल असताना, ठराव झाला की जे नेटिव्ह गृहस्थ युरोपीय पद्धतीचे बूट आणि मोजे घालतात, त्यांना सरकारी समारंभांत ते पायात ठेवता येतील. देशी जोडेवाल्यांना मात्र ही सवलत नाही. म्हणजे तुम्ही कोण यापेक्षा पायात काय आहे, यावर उंबऱ्याशी वाकायचं की नाही ते ठरणार!

यावरून मोठं भांडण झालं ते आमच्या गिरणेच्या खालच्या टोकाला. गिरणा तापीला मिळते आणि तापी जाते सुरतेला. तेव्हा सुरत मुंबई इलाख्यातच होती. १८६२ मध्ये तिथल्या फौजदारी अदालतीत माणकजी कावसजी एन्टी हे पारशी असेसर देशी जोडे घालून गेले. जोडे काढा म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. प्रकरण सरकारपर्यंत गेलं, आणि हा वाद इतिहासात 'द ग्रेट शू क्वेश्चन' म्हणून नोंदला गेला. एन्टींचं म्हणणं आज साधं वाटतं, पण त्या काळी ते धाडसाचं होतं. इंग्रजी बूट विकत घेऊन त्यांना सहज आत जाता आलं असतं. त्यांना आपल्या जोड्यांत आत जायचं होतं.

आणि हेही विसरून चालणार नाही, की ज्या समाजाला साहेबासमोर जोडे काढणं अपमानाचं वाटत होतं, त्याच समाजात अनेक गावांत दलितांनी सवर्णांच्या गल्लीतून जाताना वहाणा हातात घ्यायची सक्ती होती. ब्रिटिश पलटणीत गेलेल्या महार शिपायाला सरकारी बूट मिळाले, त्यांचा आवाज गावात कसा ऐकू आला असेल याची कल्पना करा. सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलाच्या, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या, सुटाबुटाकडे त्या नजरेने पाहिलं की तो पोशाख निव्वळ विलायती हौस वाटत नाही.

वाक्प्रचारांत ही वाटणी अजून जशीच्या तशी आहे. तहसील कचेरीत आपण 'जोडे झिजवतो', बूट नाही. झिजवणारा अर्जदार असतो, आणि अर्जदाराच्या पायात जोडाच. चाटायचे ते मात्र 'बूट', कारण ते साहेबाचे. निषेधाला 'जोडे मारो' आंदोलन, मग प्रत्यक्ष हातात रबरी चप्पल असो की स्पोर्ट्स शूज.

आता रबराकडे वळू, कारण त्याशिवाय पळायचे बूट झालेच नसते. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. कापडी बुटाला रबरी तळ लागला. पाऊल वाजेना, म्हणून अमेरिकन पोरांनी त्याला चोरपावलांवरून 'स्निकर्स' म्हटलं. इंग्रजांचे 'ट्रेनिंग शूज' आखडून 'ट्रेनर्स' झाले. ज्या शब्दात आपल्याला साहेबाच्या टाचांचा आवाज ऐकू यायचा, त्याच शब्दात आपण ही आवाज न करणारी वस्तू घातली.

आपल्याकडे ती आणली बाटाने. कंपनी झेकोस्लोव्हाकियातल्या झ्लीनची, १८९४ ची. भारतात आली १९३१ मध्ये, आणि कोलकात्याजवळ बाटानगर वसलं. तिथला १९३६ चा पांढरा 'बाटा टेनिस' शाळांच्या कवायतीसाठीच होता. टेनिसची रॅकेट आयुष्यात न पाहिलेल्या पिढ्यांनी तो घातला आणि त्याला 'कॅनव्हास' म्हटलं. मळला की ओला खडू फासायचा. नव्वदीत टीव्हीवरच्या जाहिरातींनी 'ॲक्शनचे बूट' आणले, आणि ब्रँड बदलले तरी नावातला 'बूट' गेला नाही.

तो आता जातोय. शहरात 'शूज' आहे, आणि त्यातही गंमत आहे. एकवचनी 'शू' मराठीत भलत्याच कामाला लागलेला असल्याने आपण अनेकवचनच एकवचन केलं: "माझा एक शूज कुत्र्याने पळवला." त्यावर आता 'स्निकर्स'चा थर चढतोय. मित्राने मला सुधारलं तेव्हा त्याला घोट्याची उंची सांगायची होती. मला ऐकू आलं ते 'तू कुठून आलास'. (आमच्या धंद्यात कॉम्प्युटर 'बूट' होतो तो शब्दही याच बुटाच्या पट्ट्यावरून, बूटस्ट्रॅपवरून, आला आहे. तो मात्र कुणी सुधारत नाही.)

सरकारने मात्र शब्द बदललेला नाही. २०२३ मध्ये राज्याने सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना बूट आणि पायमोजे द्यायचं ठरवलं: एक जोडी बूट, दोन जोड्या मोजे, दर मुलामागे १७० रुपये. १८५४ च्या ठरावातलीच जोडी, बूट आणि मोजे. फक्त आता ती पहिलीतल्या पोराला मिळते. १७० रुपयांत कसला बूट येतो ते बाजारात जाऊन बघावं.

भरतीच्या पोरांना याहून चांगले लागतात. मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८००, आणि सेकंदांवर गुण ठरतात. त्यामुळे पाचोरा रस्त्यावर पहाटे पायांकडे बारकाईने पाहिलं जातं. कुणी चुलतभावाचे मागून आणलेले, पुढे कापूस कोंबलेले. कुणी नवेकोरे, पण ते परीक्षेच्या दिवसासाठी घरात खोक्यात ठेवून रोज अनवाणी पळणारे. भरती झालेला एखादा सुट्टीवर आला, की जुने बूट कुणाला देणार ते आधीच ठरलेलं असतं.