खुर्चीतल्या माणसाचा योग

संगणकक्षेत्रातील परिषदांच्या वेळापत्रकात पहिल्या व्याख्यानाआधीचा अर्धा-पाऊण तास योगवर्गासाठी राखून ठेवण्याची पद्धत आता रुळली आहे, आणि गळ्यात नावाचा बिल्ला अडकवून गालिच्यावर ताडासनात उभ्या राहिलेल्या अभियंत्यांकडे पाहून ही प्रथा कॅलिफोर्नियात जन्मली असावी, असा समज सहज होतो. परंतु बैठे काम करणाऱ्या, पगारावर जगणाऱ्या आणि संन्यासाशी काडीचाही संबंध नसलेल्या शहरी माणसाला थोड्या वेळात, समूहाने आणि केवळ आरोग्यासाठी आसने शिकवण्याची रीत बरीचशी मुंबई, लोणावळा आणि पुणे या पट्ट्यात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडली.

डिसेंबर १९१८ मध्ये मणिभाई हरिभाई देसाई, म्हणजे पुढे श्री योगेंद्र या नावाने ओळखले गेलेले गृहस्थ, यांनी वर्सोव्याच्या समुद्रकाठी दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. आसने, प्राणायाम आणि शुद्धिक्रिया यांवर भर देणारा हठयोग तोवर मुख्यतः गुरूकडून एकेका शिष्याला मिळणारी विद्या होती. योगेंद्रांनी ती संसारी माणसाच्या दिनक्रमात बसेल अशा बेताने मांडली. त्यांचे गुरुबंधू जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. श्वास पूर्ण सोडून पोट आत व वर ओढण्याची उड्डियान ही क्रिया किंवा पोटाचे स्नायू फिरवण्याची नौली करताना शरीराच्या आत नेमके काय घडते, हे क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासण्याचे प्रयोग त्यांनी केले. आजच्या परिषदेत त्याहून जवळचा वाटावा असा त्यांचा उद्योग मात्र वेगळाच होता. ‘यौगिक संघ व्यायाम’ या नावाने त्यांनी आसनांचे सोपे प्रकार कवायतीच्या धर्तीवर बसवले, ज्यांत रांगांत उभे राहिलेले विद्यार्थी शिक्षकाच्या हुकमासरशी एकाच वेळी हालचाल करीत. एका शिक्षकाने शंभर जणांना एकदम शिकवायचे, तर अशी काही सोय लागतेच.

याच सुमारास औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रचार करीत होते, पण तो व्यायाम म्हणून. योगाचार्य त्याला योगात धरीत नसत. आज मात्र जगभरच्या योगवर्गांत सूर्यनमस्काराइतका सरसकट शिकवला जाणारा दुसरा प्रकार क्वचितच सापडेल.

पुण्याचा धागा १९३७ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी बी. के. एस. अय्यंगार हे अवघ्या अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी आले आणि कायमचे पुणेकर झाले. १९५२ मध्ये मुंबईत त्यांची गाठ व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन यांच्याशी पडली, आणि या प्रथेच्या दृष्टीने ती भेट फार मोलाची ठरली. व्हायोलिनवादक हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये वाद्य धरून, मान एका बाजूला कलती ठेवून तासन्‌तास बसतो किंवा उभा राहतो, त्यामुळे मान, खांदे आणि मनगटे यांचे दुखणे हा त्याचा धंद्यातलाच आजार असतो. मेन्यूहिन यांना शिकवताना अय्यंगारांपुढे प्रश्न मोक्षाचा नव्हता, तर विशिष्ट कामाने आखडलेल्या विशिष्ट सांध्यांचा होता. १९५४ मध्ये मेन्यूहिन यांनी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावले, अय्यंगारांच्या १९६६ च्या ‘लाइट ऑन योग’ या पुस्तकाला प्रस्तावनाही लिहिली, आणि पुढे दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे व पाठीची पट्टी काढलेली घडीची लोखंडी खुर्ची ही अय्यंगार पद्धतीची साधने परदेशी पोचली. १९७५ हे वर्ष तर विलक्षणच म्हणावे लागेल: पुण्यात रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था उघडली, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी बर्कलीत ‘योग जर्नल’ निघू लागले, आणि त्याच उपसागराच्या दुसऱ्या काठी, मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजात, घरगुती संगणक जुळवणाऱ्या हौशी मंडळींचा ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ भरू लागला.

कळफलकावर काम करणाऱ्यांची संख्या वाढली तशी मनगटाच्या दुखण्यांची चर्चाही वाढली. मनगटातील हाडे आणि त्यांवरचा आडवा अस्थिबंध यांच्यामधल्या अरुंद बोगद्यात हाताकडे जाणारी मुख्य नस दाबली गेली की बोटांना मुंग्या येतात व पकड ढिली पडते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. अय्यंगार पद्धतीच्या शिक्षिका मेरियन गारफिन्कल यांनी सहकाऱ्यांसह फिलाडेल्फियात ४२ रुग्णांवर केलेली चाचणी १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत ११ आसने, आठवड्यातून दोनदा, ८ आठवडे शिकवल्यावर वेदना कमी होऊन पकडीचे बळ वाढल्याचे आढळले, मात्र नसेच्या संदेशवहनात लक्षणीय फरक दिसला नाही.

परिषदेतल्या योगशिक्षकाला हे आठ आठवडे मिळत नाहीत. समोरच्या माणसाचे मनगट आधीच दुखते आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा भेटेलच असेही नसते. म्हणून जाणता शिक्षक सूर्यनमस्कार टाळतो, कारण त्यात मागे वळलेल्या मनगटावर शरीराचा भार येतो, आणि तो भार नेमका संगणकवाल्याच्या दुखऱ्या जागी पडतो. त्याऐवजी गोमुखासनातील हातांची स्थिती, पाठीमागे जोडलेला नमस्कार, खुर्चीवर बसून पाठीला पीळ देणारे भरद्वाजासन असे प्रकार तो निवडतो, ज्यांना ना चटई लागते ना कपडे बदलावे लागतात. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये ‘वाय-ब्रेक’ या ॲपद्वारे कार्यालयांसाठी प्रसृत केलेला पाच मिनिटांचा क्रमही याच जातीचा आहे. ताडासन, स्कंधचक्र, कटिचक्रासन, अर्धचक्रासन असे करीत तो नाडीशोधन, भ्रामरी आणि ध्यानाशी थांबतो.

इतक्या आखूड क्रमांवर नाक मुरडणाऱ्यांनी बंगळुरूतील एका अभ्यासाचे आकडे पाहावेत. शर्ली टेलिस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात संगणकावर काम करणाऱ्या २९१ जणांचे दोन गट पाडले होते. एकाला आठवड्यातून ५ दिवस तासभर योग दिला, दुसऱ्याला प्रतीक्षेत ठेवले. ६० दिवसांनंतर योग करणाऱ्यांच्या डोळ्यांचा त्रास कमी झाला, दुसऱ्या गटाचा वाढला. पण तोवर पहिल्या गटात १४६ पैकी ६२ आणि दुसऱ्यात १४५ पैकी ५५ जणच उरले होते. आसने करावी न लागणाऱ्या गटातही गळती जवळपास तितकीच झाली, त्यामुळे तिचे खापर आसनांच्या कंटाळ्यावर फोडता येत नाही. दोन महिने एकाच वेळी एकाच जागी हजर राहणे या नोकरीत किती जणांना जमते, हाच तिथे खरा प्रश्न होता.